चालत्या मागापाशी

दत्ता चौगुले रोज सकाळी दहाला खुर्चीतून उठायचे, फोन टेबलावर पालथा ठेवायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि प्रयोगशाळेत एक फेरी मारायचे. हातात कागद नाही, पेन नाही. जिथे यंत्र बंद पडलंय आणि कोणीतरी डोकं धरून बसलंय, तिथे अर्धा मिनिट थांबायचे. जिथे काम झकास चाललंय, तिथे पाच-पाच मिनिटं. नव्या माणसाला हे उलटंच वाटायचं.

मला तर ते संशयास्पद वाटलं. हॅम्बर्गमध्ये एल्बे नदीच्या दक्षिण काठावर आमची कंपनी. विमानातल्या खुर्च्या जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट आणि पट्ट्या तुटेपर्यंत ओढायच्या आणि किती जोराला तुटल्या ते लिहून द्यायचं, हे आमचं काम. चौगुले आमच्या आठ जणांच्या गटाचे प्रमुख होते. मी पिंपरीची. वडील कामगार संघटनेत, आई त्यांच्याहून कडक संघटनेत. आमच्याकडे शेंगा सोलायला घेतलेल्या कागदाच्या मागच्या बाजूलाही मागण्या छापलेल्या असायच्या. मी वाचायला पत्रकांवरच शिकले, आणि साहेब कोणाचा नसतो हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात हा साहेब पाचव्यांदा माझ्यापाशी येऊन थांबला, तेव्हा मी यंत्र बंद केलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय."

"सर शाळेत असत्यात. इथं दत्ता म्हण. सगळे म्हणत्यात."

"मला नाही जमणार. तुम्ही माझ्या बाबांच्या वयाचे आहात."

"मग काका म्हण."

पलीकडच्या टेबलावरची आंके फिस्सकन हसली. तान्ह्या मुलाच्या लंगोटात जे सापडतं त्याला जर्मन आया काका म्हणतात, हे मला तिने नंतर समजावून सांगितलं. मग आमची 'दादा'वर तडजोड झाली. पाळतीचा मुद्दा मात्र मी सोडला नाही.

"पाळत न्हाई गं," दादा म्हणाले. "माझा बाप इचलकरंजीत जॉबर होता. यंत्रमाग दुरुस्त करणारा. बंद पडलेल्या मागाकडं सगळी पळत्यात. चालत्या मागाकडं कोण बघतंय? उलट मालक म्हणतो, हा चांगला चालतोय, ह्यालाच जास्त पळवू. असला माग एकदमच जातो बघ, आणि गेला की निम्मा खोलाय लागतो. म्हणून बाप चालत्या मागापाशी उभा ऱ्हायचा. आवाज ऐकत."

"मी माग नाही."

"ते दिसायलंय. माग उलट बोलत न्हाई."

अशी आमची ओळख झाली.

दादा बुटके, गोल, आणि डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. हॅम्बर्गच्या पावसाला छत्री उपयोगाची नाही, वाऱ्याने ती उलटीच होते, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि तरीही छत्री रोज हातात असायचीच. टेबलाच्या खणात कॉफीच्या डब्यात भडंग. जर्मन सहकारी ते चमच्याने खायचे, आणि तिखट लागलं की शिंकत परत डब्याकडे यायचे. दादांची जर्मन भाषा पक्की होती, पण चाल कोल्हापुरी. कोणत्याही वाक्याच्या शेवटी ते 'गेनाऊ' असं ठासून म्हणायचे, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि हे बहुतेक वेळा ते स्वतःच्याच वाक्याला म्हणायचे.

दुपारचं जेवण हा आमचा आखाडा. कंपनीने एकदा सगळ्यांना ताणमुक्तीचं ॲप दिलं आणि मजल्या-मजल्यावर फळांच्या टोपल्या ठेवल्या. मी म्हणाले, माणसं कमी करायची आणि सफरचंदं वाढवायची, ही कोणती पद्धत? दादा मुद्दाम सफरचंद खात म्हणाले, "गोड हाय की." मग मी पाऊण तास बोलले. त्यांनी मध्ये मध्ये फक्त काडी टाकली. उठताना म्हणाले, "तू भांडलीस की जेवण अंगी लागतं बघ."

मी काम चांगलं करत होते, हे सांगायला लाजायचं कारण नाही. दोन वर्षांत अवघड नमुने माझ्याकडेच यायला लागले. मग टॉर्स्टेन मुलीच्या जन्मानंतर वर्षभराच्या पालकरजेवर गेला, आणि मारेकने नोकरी सोडली. दोघांची यंत्रं 'तात्पुरती' माझ्याकडे आली. कोणी बळजबरी केली नाही. विचारलं, आणि मी हो म्हणाले. पिंपरीला फोन केला, तेव्हा आयुष्यभर जादा कामाविरुद्ध घोषणा दिलेले माझे बाबा आईला ओरडून सांगत होते, "ऐकलंस का, तिघांचं काम एकटी करते!"

इथे दहा तासांपेक्षा जास्त काम कायद्याने चालत नाही. हजेरीचं यंत्र ते मोजतं आणि लगेच वर कळवतं. म्हणून मी दहा तास भरायच्या आत कार्ड लावून 'घरी' जायचे, आणि पुन्हा येऊन खुर्चीत बसायचे. दुसऱ्या कोणी हे केलं असतं, तर मी त्याला वेठबिगार म्हटलं असतं आणि त्याच्या मालकावर पत्रक काढलं असतं. माझ्या बाबतीत मला ती जिद्द वाटत होती.

वसंतात एक दिवस जेवताना दादांनी डबा उघडला आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं मत असं हाय, संघटना म्हणजे आळशी माणसांची पतपेढी."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "हो?"

"हो."

"मुक्ता, तीन आठवडं झालं, तू माझ्याशी भांडली न्हाईस."

"काम आहे, दादा."

"भांडायला कुठं येगळा वेळ लागतो? तू तर बोल्ट ओढता ओढता भांडायचीस."

मी डबा बंद करून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत दादा माझ्यापाशी पंधरा मिनिटं उभे होते. हे मला आंकेने पुढे कधीतरी सांगितलं. मला ते दिसलेच नव्हते.

त्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे दोन अहवाल ठेवले. एक सोमवारच्या बोल्टचा, एक गुरुवारच्याचा. दोन्ही बोल्ट वेगळे, आणि आकडे तेच. गुरुवारच्या अहवालात मी सोमवारचे आकडे उतरवले होते आणि खाली सही केली होती. अहवाल ग्राहकाकडे जायच्या आधी दादांनी तो अडवला होता.

"ह्यातला खरा कुठला?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

माणसाचा चेहरा आठवावा तसा तो गुरुवारचा बोल्ट आठवायचा प्रयत्न केला. काही आलं नाही. ह्या बोल्टवर एक खुर्ची असते आणि खुर्चीत कोणाची तरी आई बसलेली असते, हे मी नव्या लोकांना शिकवायचे.

दादांनी डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी दोन आठवड्यांची रजा लिहून दिली. इथे कंपनीला आजाराचं नाव कळत नाही, फक्त तारखा कळतात. कोणी चौकशी करत नाही, कोणी काढे सुचवत नाही. माणूस घरी पडून राहतो आणि बरा होतो, अशी अपेक्षा असते. मी तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला कंपनीच्या फाटकावर हजर झाले. आपल्याकडे तापात कामावर आलेल्याला शाबासकी मिळते. मला वाटलं, इथेही निदान कोणी तरी म्हणेल, बघा, आजारी असूनही आली.

फाटकात छत्री घेऊन दादा उभे होते.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"दादा, थोडंच उरलंय. तेवढं करते आणि..."

"मुक्ता जाधव आजारी हाय. माझ्याकडं नोंद हाय. मग ही कोण आली? भूत असशील तर पाय दाखव."

मी खरोखरच पायांकडे पाहिलं. वेगवेगळ्या जोड्यांतले बूट होते.

ते हसले नाहीत. त्यांनी फोन करून स्वतःसाठी दोन तासांची सुट्टी टाकली आणि मला फेरीबोटीवर घेऊन गेले. पावसामुळे वरचा मजला रिकामा होता, आम्ही छपराखालच्या बाकावर बसलो. दादांनी धक्क्यावर घेतलेला मासळीचा पाव सकाळी आठ वाजता शांतपणे खाल्ला. मी पिशवीतून चार पानं काढली. रजेच्या दोन दिवसांत मी तेवढंच केलं होतं: कंपनीला उद्देशून एक पत्र. पहिल्याच ओळीत 'शोषण' होतं.

दादांनी चष्मा पुसून चारही पानं वाचली.

"झकास लिहिलंयस. छापाय पायजे," ते म्हणाले. "कामगार हाय, व्यवस्थापन हाय, नफा हाय, सफरचंदं हाईत. ह्यात तू कुठं हाईस?"

"म्हणजे?"

"आजारी कोण पडलंय? कामगारवर्ग?"

महिन्यात पहिल्यांदा माझं डोकं फिरलं. "दादा, हा माझ्या एकटीचा प्रश्न नाहीये! दोन जागा रिकाम्या ठेवल्या आहेत त्यांनी!"

"गेनाऊ. पण कार्ड लावून परत खुर्चीत कोण बसत होतं? वर्ग बसत होता का तू?"

त्यांना ठाऊक होतं तर. बोट एका धक्क्याला लागली, दोन सायकलवाले चढले, बोट सुटली.

"मला ते कळाय उशीर झाला," दादा म्हणाले. "दोन जागा भरा म्हणून मी वर दोनदा बोललो. पण तोंडी. आणि मग मलाबी वाटलं, पोरगी ओढतीय, तवर ओढू दे. बापाचं नाव सांगत फिरतो मी, आणि चालत्या मागाला मीच जास्त पळवलं. ह्याचा कागद कराय पायजे."

मग त्यांनी त्या कागदाबद्दल सांगितलं. जर्मनीत कामाचा भार झेपेनासा झाला, तर कर्मचाऱ्याने तसं वरिष्ठाला लेखी कळवायचं असतं. त्याचं जर्मन नाव इतकं लांब आहे की उच्चारतानाच माणूस दमतो. त्यात मागण्या नसतात, घोषणा नसतात. काय काम दिलंय, काय झेपत नाही, कोणती चूक होऊ शकते, एवढंच. तो कागद पोहोचला की पुढे जे बिघडेल त्याचं उत्तर वरिष्ठाने द्यायचं. एक प्रत कंपनीतल्या निवडून आलेल्या कामगार समितीला.

"वरिष्ठ म्हणजे तुम्ही," मी म्हणाले.

"गेनाऊ."

"म्हणजे मी तुमच्याविरुद्ध लिहायचं?"

"माझं नाव नीट लिही. शेवटी एल ई, नुसता एल न्हाई. मागं पगार चुकीच्या नावावर अडकला होता."

"दादा, तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे की. त्याचाच पगार देत्यात मला. न्हाईतर नुसतं फिरायला कोण पैसे देतंय?"

त्यांनी माझ्याच पत्राचं शेवटचं पान उलटं करून दिलं. मी तीन भाषांत 'निषेध' लिहू शकते. 'मला झेपत नाही' हे लिहायला हात उठेना. मी 'सध्याच्या परिस्थितीमुळे' असं सुरू केलं.

"परिस्थिती खोड," दादा म्हणाले.

मी खोडली. चार ओळी लिहायला बोटीच्या दोन फेऱ्या लागल्या. मला तीन जणांचं काम दिलं आहे. मला ते झेपत नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि आणखी होऊ शकते. हे मी माझे वरिष्ठ दत्ता चौगुले यांना कळवत आहे. दादांनी खाली 'मिळालं' म्हणून सही केली, तारीख घातली, आणि पावसाचा थेंब पडू नये म्हणून कागद टोपीखाली ठेवला.

आठवड्याभराने बैठक झाली. विभागप्रमुख फ्राऊ लिंडनर, कामगार समितीचा होल्गर, दादा आणि मी. लिंडनरबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, माझ्याबद्दल त्यांना आदर आहे, आणि म्हणूनच मला चाचण्यांवरून काढून कायमचं कागदपत्रांच्या खोलीत पाठवावं. तिथे ताण नाही. मला एवढंच कळलं की माझं यंत्र गेलं. यंत्राशिवाय मी ह्या देशात काय करत होते, हे मला सांगता आलं नसतं. लहानपणापासून गेटसभांत वाढलेली मी, आणि एक शब्द फुटला नाही.

दादा बोलले. "ठेच लागली म्हणून पाय कापत नाहीत. तिचं काम कमी करा, तिला कमी करू नका. दोन माणसं घ्या. ती येईपर्यंत जे एका माणसाला होतं तेवढंच तिला द्या."

"मग ग्राहकाला सहा आठवडे उशिरा मिळेल," लिंडनरबाई म्हणाल्या. "त्याला कोण सांगणार?"

"मी."

"आणि हे इथपर्यंत येऊ कोणी दिलं, असं वरून विचारलं तर?"

दादांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. "ह्यावर माझं नाव आहे."

ग्राहकाला सांगितलं गेलं. ग्राहक चिडला. वरून विचारलं गेलं. डॉक्टरांनी माझी रजा वाढवत नेली होती, आणि मी रजेवर असतानाच गटाचं प्रमुखपद दादांकडून काढून येन्स नावाच्या तरुणाला दिलं. माझं यंत्र माझंच राहिलं.

लांबल्या आजारानंतर इथे माणूस एकदम कामावर येत नाही. आधी दिवसाला चार तास, मग सहा, मग आठ, अशा पायऱ्या असतात. मी पहिल्या चार तासांसाठी आले, तेव्हा दादा यंत्रावरच्या कामगारांचा निळा डगला घालून टॉर्स्टेनच्या यंत्रावर उभे होते. माझा सगळा जोर परत आला.

"हे अन्यायाचं आहे. मी पत्रक काढते. जर्मनमध्ये काढते!"

"काढ की. पण आधी मला विचार, मला ते परत पायजे का."

"हवंय का?"

"तो बोल्ट दे हिकडं."

खरं काय ते मला त्यांच्या घरी जेवताना कळलं. सुलभावहिनी भाकरी वाढत म्हणाल्या, "तीन दिवस तोंड पाडून बसले होते. खिडकीतनं नुसते बोटी मोजायचे. चौथ्या दिवशी हाताला ग्रीस माखून घरी आले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. अहो, खोटं सांगते का मी?"

"आमटी वाढ," दादा म्हणाले.

दोन्ही खरं होतं. त्यांना लागलं होतं, आणि त्यांनी ते माझ्या खात्यावर मांडलं नाही. पत्रकांत ह्या माणसासाठी जागा नव्हती. आमच्या पत्रकांत साहेब एक तर उलथवायचा असायचा, नाही तर उघडा पाडायचा. स्वतःविरुद्धचा कागद स्वतः सांगून लिहून घेणारा साहेब कुठल्या परिच्छेदात बसवायचा, हे मला अजून कळलेलं नाही. जागा रिकाम्या ठेवणाऱ्यांना मी तेव्हाही माफ केलं नाही, आजही करत नाही. पण मागणी करणाऱ्याला आधी 'मला' म्हणता आलं पाहिजे, हे मी पिंपरीत शिकले नव्हते.

कामावर परतले त्या पहिल्या दिवशी चार तास भरले, तेव्हा बोल्ट अर्धा ओढून झाला होता.

"जा," दादा म्हणाले.

"पाचच मिनिटं."

"बोल्टला घाई हाय? इचार त्याला."

मी गेले. भर दुपारी बोटीवर सगळी पेन्शनर मंडळी होती आणि कोणालाही कुठे वेळेवर पोहोचायचं नव्हतं. धक्का येईपर्यंत मी चार वेळा फोन काढला आणि परत ठेवला. दादांनी तो बोल्ट तोडला, आकडे घेतले, आणि अहवालावर स्वतःचं नाव घातलं.

गेल्या शरदात दादा निवृत्त होऊन इचलकरंजीला परत गेले. इथे जाणाऱ्याने स्वतःच केक आणायचा असतो. दादांनी तीन आणले. सगळे जमले. लिंडनरबाईंनी सुंदर भाषण केलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं! आणि बावीस वर्षांत दत्ताच्या फाइलमध्ये तक्रारीचा एकही कागद नाही."

त्यांनी ते प्रेमाने म्हटलं होतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. दादांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"माफ करा. एक आहे."

टाळ्या थांबल्या.

"चार ओळींचा. फाइलमध्ये बघा, असेल. बावीस वर्षांत लक्षात ठेवण्यासारखं मी एवढंच केलं, आणि तुम्ही नेमकं तेच गाळलंत."

लिंडनरबाई लाल झाल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. एक आहे." होल्गरने पहिली टाळी वाजवली. दादा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "रडतीस कशाला? केक घे, संपाय लागलाय."

मी केक घेतला. शेजारी येन्स उभा होता. एका हातात दोन फोन, दुसऱ्या हातात न खाल्लेला केक. गेले काही महिने सगळे म्हणत होते की असा झपाट्याने काम करणारा गटप्रमुख आजवर झाला नाही.

"काय होतं त्या कागदावर?" त्याने हळूच विचारलं.

"की मला झेपत नाही."

त्याने दोन्ही फोन खिशात टाकले.

"तो गटप्रमुखालाही लिहिता येतो का?"

मी प्लेट खाली ठेवली आणि त्याला म्हणाले, "पेन आहे का तुझ्याकडे?"